सिद्दींची कवंदी

पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम आणले. त्यांतले काही पळाले आणि घाट चढून उत्तर कन्नडच्या जंगलात शिरले. हल्याळ, यल्लापूरकडचे बरेचसे सिद्दी त्यांचे वंशज. कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती, कोणी हिंदू. गुलामाची नोंद मालकाच्या वहीत, तीही खरेदीपुरती. सिद्दी बायकांनी मात्र जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून कवंदी शिवली. (आपली गोधडी, उर्दूतली गुदडी, तशीच ही.) शिवण कडेपासून निघून फिरत फिरत मध्यावर येते. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या चिंध्यांची ‘फुलं’ लावतात. हाच तिचा दागिना. तो नसेल तर कवंदी उघडीच म्हणायची. मुसलमान घरात कधी तिच्यावर चंद्रकोर दिसते, ख्रिस्ती घरात क्रूस. सरकारने या सिद्दींना अनुसूचित जमातीत घ्यायला मात्र २००३ साल उजाडलं.