बीसीएल-२ : पेशींची गळ रोखणारे प्रथिन

बीसीएल-२ हे पेशीचे मरण अडवून धरणारे, २३९ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. ‘बीसीएल’ म्हणजे ‘बी-सेल लिम्फोमा’. बीसीएल-१ हे नाव आधीच दिले गेले होते, म्हणून हे दुसरे.

ज्या मरणाला ते अडवते, त्याचे बारसे १९७२ साली झाले. केर, वायली आणि करी यांनी आक्रसून, तुकडे होऊन, आजूबाजूला सूज न आणता नाहीशा होणाऱ्या पेशींचे वर्णन केले. ॲबर्डीनचे ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी त्यासाठी ‘ॲपोप्टोसिस’ हा शब्द सुचवला. ग्रीकमध्ये तो पानाफुलांच्या गळण्याचा. पारोळ्याच्या कपाशी उत्पादकाला हा अर्थ उलगडून सांगायला नको, त्याच्याकडे ‘पातेगळ’ हा शब्द आहे. पाण्याचा ताण पडला की झाड पात्याच्या, म्हणजे कळीच्या, देठाशी पेशींचा एक थर सैल करते. पाते पिवळे पडते आणि गळते. गळण्याची तयारी झाडानेच केलेली असते.

बीसीएल-२ चे जनुक १९८४ च्या सुमारास फिलाडेल्फियात त्सुजिमोटो आणि क्रोचे यांना फॉलिक्युलर लिम्फोमात सापडले. या कर्करोगात १८ व्या गुणसूत्राचा तुकडा तुटून १४ व्याला जोडला जातो. १४ व्यावर तिथेच प्रतिपिंडाचे जनुक असते आणि बी-पेशीत ते सदैव जोरात चालू असते. त्या शेजारामुळे बीसीएल-२ भरमसाट तयार होऊ लागते.

कर्करोगाचे जनुक पेशींना भराभर विभागायला लावते, अशी तेव्हा समजूत होती. १९८८ मध्ये वॉ, कोरी आणि ॲडम्स यांनी ती हलवली. इंटरल्युकिन-३ या संदेशवाहक प्रथिनाच्या आधारावर जगणाऱ्या पेशींत त्यांनी हे जनुक घातले आणि मग तो आधार काढून घेतला. एरवी मेल्या असत्या त्या पेशी विभागल्या नाहीत, पण जिवंत राहिल्या. या कुळकथेतला सर्वांत मोलाचा प्रयोग हाच: गाठ वाढते ती गळायचे ते न गळल्यामुळेही.

पुढे १९९३ मध्ये बॅक्स हे मारक भावंड सापडले. ते मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या, बाह्य आवरणाला भोके पाडते. बीसीएल-२ त्याला धरून ठेवते. आवरण फुटले की बाहेर पडणारी प्रथिने पेशीला मरणाकडे नेतात; त्यांपैकी एचटीआरए-२ च्या रचनेचा अभ्यास खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रात काकोली बोस यांच्या प्रयोगशाळेत झाला आहे.

२०१६ मध्ये अमेरिकेत व्हेनेटोक्लॅक्स या कर्करोगावरील औषधाला मान्यता मिळाली. बीसीएल-२ ज्या खाचेत मारक प्रथिनांना पकडते, तिथे हे औषध स्वतः जाऊन बसते. सुटलेली प्रथिने मग अडलेली गळ पुन्हा सुरू करतात.