बार्शीचा मेहबूब, महाराष्ट्राचा अमर शेख

नववीच्या वर्गात मराठीचा तास चालू होता. पोवाडा म्हणजे काय, शाहीर कोणाला म्हणतात, हे मी समजावून सांगत होते. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "टीचर, शाहीर अपने में भी होते क्या?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. आमची शाळा उर्दू माध्यमाची. गाव धाराशिव, २०२३ पर्यंतचे उस्मानाबाद. येथून येडशी ओलांडले की पांगरीमार्गे बार्शी तालुका लागतो. महाराष्ट्राच्या सर्वांत बुलंद आवाजाचा शाहीर ज्या गावात जन्मला ते गाव इतक्या जवळ असताना आमच्या मुलीला हा प्रश्न पडावा, यात चूक तिची नाही. तिला कोणी सांगितलेच नाही. खरे सांगायचे तर बी.एड. होईपर्यंत मलाही कोणी सांगितले नव्हते.

शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीतल्या एका गरीब मुस्लिम कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईचे नाव मुनेरबी. गाण्याचा वारसा त्यांना मिळाला तो या आईकडून. तिच्या तोंडची लोकगीते ऐकतच मेहबूब वाढला. कोणी उस्ताद नव्हता, गायनशाळा नव्हती. आमच्या दादीसुद्धा जात्यावर बसल्या की दखनीत गात. गाता गाता मराठी ओवीत शिरत आणि परत दखनीत येत. कोणती जबान कुठे संपली हे त्यांनाही सांगता आले नसते. म्हणून मुनेरबीच्या घरी मराठी कशी पोहोचली, असा प्रश्न मला पडत नाही. ती तिथे होतीच.

पोटासाठी मेहबूबने मिळेल ते काम केले. मोटारीवर क्लीनर झाला, गिरणीत कामगार झाला. गिरणीच्या संपात पुढे राहिला म्हणून विसापूरच्या तुरुंगात गेला. तिथे कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकरांची संगत लाभली आणि कम्युनिस्ट विचारांशी गाठ पडली. पुढे कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काम केले. तिथल्या मित्रांनी त्यांना 'अमर शेख' हे नाव दिले. या नावाकडे जरा थांबून पाहावे. मेहबूब गेला, पटेल गेले, अमर आले. सोबत शेखही आले. पुढे ज्या लाखो लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, त्यांनी या शेखसकट घेतले.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांनी लालबावटा कलापथक उभे केले. एक मातंग समाजातला, एक मुसलमान. जात आणि धर्म विचारण्याची सवय असलेल्या समाजात या मंडळींनी एकाच मंचावरून गिरणगावाला भाकरीची भाषा ऐकवली. मुंबईच्या मैदानांत अमर शेखांचा पहाडी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचे. अण्णाभाऊंची 'माझी मैना' संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात घरोघर गेली, त्यात या आवाजाचा वाटा मोठा होता. गोवामुक्तीच्या आंदोलनातही तो घुमला. १ मे १९६० रोजी मराठी भाषकांचे राज्य झाले. त्या राज्याच्या पायात बार्शीच्या मेहबूबचा घाम आहे.

आता आमच्या बाजूची हकीकत. बार्शी इंग्रजी अमलात होती, उस्मानाबाद निजामाच्या. एकाच मातीत मधून सरहद्द गेलेली. अलीकडे एक मुसलमान तरुण हजारोंच्या सभेत मराठीतून गात होता. पलीकडे रझाकारांच्या जुलमाने हिंदू-मुसलमानांतला जुना शेजार मोडत होता. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर बेगुनाह मुसलमानांवर जे गुजरले, ते पंडित सुंदरलाल समितीने नोंदवून ठेवले आहे. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव आहे. त्यानंतर आमच्या बुजुर्गांनी मोठ्याने बोलणे सोडले. घरात दखनी, मदरशात उर्दू, बाजारात कामापुरती मराठी. मराठी येत होती, पण तिच्यात आवाज चढवण्याची हिंमत उरली नव्हती. मुलीच्या त्या प्रश्नामागे ही पाऊणशे वर्षांची चुप्पी आहे, असे मला वाटते.

अमर शेखांना केवळ गायक समजणे ही त्यांच्यावर अन्याय करणारी गोष्ट होईल. पोवाड्याची रचना पाहा. शाहीर चौक गातो, झीलकरी 'जी जी' म्हणत साथ धरतात, डफ कडाडतो. मग अचानक डफ थांबतो आणि शाहीर बोलू लागतो. प्रसंग डोळ्यांपुढे उभा करतो, श्रोत्यांना सवाल करतो. गाण्याने जमलेली माणसे त्या बोलण्याने विचारात पडतात. अमर शेखांचे आयुष्य मला असेच दिसते. आधी गाणे, मग हळूहळू शब्द पुढे. १९५१ साली 'अमरगीत' हा गीतसंग्रह आणि 'पहिला बळी' हे नाटक आले. १९५८ साली 'कलश' आणि १९६३ साली 'धरतीमाता' हे कवितासंग्रह आले. गळ्याच्या जोरावर ज्याने मैदाने जिंकली, त्याने छापील कागदावर, डफाच्या आधाराशिवाय उभे राहण्याचे धाडस केले. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. रशियाचा तो क्रांतिकारक कवी सभागृहांत आणि कारखान्यांत उभा राहून आपली कविता गरजत म्हणत असे. ही उपमा गायकाला शोभणारी नाही, शब्द बोलून दाखवणाऱ्या कवीला शोभणारी आहे.

यासोबत त्यांनी 'युगदीप' आणि 'वख्त की आवाज' ही मासिके काही काळ चालवली. 'झगडा' नाटकात आणि 'महात्मा फुले' (१९५४) व 'प्रपंच' (१९६१) या चित्रपटांत भूमिका केल्या. 'प्रपंच' तर कुंभाराच्या गरीब संसाराची कहाणी. एका मासिकाचे नाव मराठी आणि दुसऱ्याचे उर्दू वळणाचे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते.

१९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी आणि १९६५ च्या युद्धातही त्यांनी गावोगाव कार्यक्रम करून निधी उभा केला. आपल्याकडे भाषणांत हा दाखला हटकून दिला जातो. पाहा, एक मुसलमान पाकिस्तानविरुद्धच्या युद्धासाठी गायला! मला हा सूर खटकतो. अमर शेख कोणाला प्रमाणपत्र दाखवण्यासाठी गायले नाहीत. संपात गायले, गोव्यासाठी गायले, महाराष्ट्रासाठी गायले, तसेच तेव्हाही गायले. त्यांच्या गाण्याला आपण आपल्या वफादारीची पावती करून टाकतो, तेव्हा त्यांना लहान करतो आणि स्वतःलाही.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२. त्यांची कन्या मल्लिका अमर शेख यांनी मराठी कवितेत आणि आत्मकथनात स्वतःचा निर्भीड आवाज उमटवला. त्यापूर्वी पेशवाईच्या उतरत्या काळात सगनभाऊ या मुसलमान शिकलगाराने लावणी गाजवली होती. त्याही आधी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अनेकांना ती नवी गोष्ट वाटली. हकीकत अशी की परंपरा जुनीच होती, तिची याद ताजी करावी लागली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात अमर शेखांची ही हकीकत सांगितली. फळ्यावर आधी 'मेहबूब हुसेन पटेल' असे लिहिले आणि खाली बार्शी. त्या मुलीने शांतपणे ऐकून घेतले. तास संपल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, "टीचर, मेरी नानी का मायका बार्शी है." पुढच्या आठवड्यात तिने पोवाड्याचा एक चौक पाठ करून आणला. आवाज थोडा कापत होता, 'ळ' नीट येत नव्हता. पण वर्गात या वेळी कोणी हसले नाही.