पाण्याचा दाब आणि विजेचा हिशेब

पुण्याहून सिंहगडाकडे जाऊं लागलें म्हणजे वाटेंत खडकवासल्याचें धरण लागतें. रविवारीं तेथें कणसें खात पाण्याकडे पाहत बसणाऱ्या मंडळींना जवळच्या एका संस्थेची पाटीहि कधीं दिसली असेल: केंद्रीय जल आणि विद्युत् संशोधन केंद्र. मुंबई सरकारनें १९१६ सालीं पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठीं काढलेली एक लहानशी शाखा हें तिचें मूळ. १९३६ सालीं हिंदुस्थान सरकारनें ती आपल्याकडे घेतली. नद्यांच्या व बंदरांच्या लहान प्रतिकृति करून त्यांतून पाणी सोडून पाहणें, हा तेथील एक मोठा उद्योग. मग नांवांत पाण्याशेजारीं वीज कां? पाण्यापासून वीज होते, हें उत्तर बरोबरच आहे. पण या दोघांचें नातें त्याहून जुनें असून तें हिशेबाचें आहे. श्रोते हो, त्या हिशेबाचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

गेओर्ग ओहम हा जर्मनींतील एका कुलुपें करणाऱ्या कारागिराचा मुलगा. कोलोन शहरीं तो शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. निरनिराळ्या लांबीच्या तारांतून वीज किती वाहते हें मोजूं लागतांच त्याला एक विचित्र अडचण आली. व्होल्टाच्या घटाचा जोर प्रयोग चालूं असतांनाच उतरत जाई. जोरच स्थिर नाहीं, तर तारेचा गुण कसा कळावा? अखेर त्यानें घट बाजूस सारला आणि दोन धातूंच्या सांध्यांपासून वीज घेतली. एक सांधा उकळत्या पाण्यांत, दुसरा बर्फांत. दाब स्थिर झाला आणि नियम हातीं लागला. फूर्ये या फ्रेंच गणित्यानें उष्णतेच्या वहनाचें जें गणित मांडलें होतें, त्याच धर्तीवर ओहमनें आपला ग्रंथ १८२७ सालीं प्रसिद्ध केला. स्वदेशांत त्याचें फारसें कौतुक झालें नाहीं. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ सालीं त्याला कॉप्ली पदक दिलें, तेव्हां कोठें लोकांचे डोळे उघडले.

नियम इतका सोपा, कीं घरांतील इस्त्रीवर पडताळून पाहावा. दाब २३० व्होल्ट आणि प्रवाह २ अँपियर असेल, तर दाबाला प्रवाहानें भागावें. ११५ ओहम हा इस्त्रीचा रोध. त्याच दोन आंकड्यांचा गुणाकार केला कीं ४६० वॅट ही तिची शक्ति. पाण्याचेंहि असेंच आहे. उंचीमुळें दाब येतो, आणि उंची व प्रवाह यांच्या गुणाकारानें शक्ति ठरते. टाटांनीं १९१५ सालीं खोपोलीस वीज सुरू केली, तेव्हां लोणावळ्याच्या तलावांचें पाणी घाटाखालीं सुमारें ५०० मीटर उतरविलें होतें. इतक्या उंचीवरून सेकंदास हजार लिटर पाणी पडलें, तर यंत्रांतील घट सोडून सुमारें ४,९०० किलोवॅट शक्ति मिळते.

ती शक्ति मुंबईच्या गिरण्यांपर्यंत न्यावयाची तर तारेचा रोध आडवा येतो. तार तापून वायां जाणारी शक्ति प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें जूलनें १८४१ सालीं दाखविलें होतें. समजा, हजार किलोवॅट पाठवावयाचे आहेत आणि तारेचा रोध अवघा १ ओहम आहे. दाब हजार व्होल्ट ठेवला, तर प्रवाह हजार अँपियर, आणि सगळी शक्ति तारेंतच जळून जाते. गिरणीला कांहींच उरत नाहीं. दाब एक लाख व्होल्ट केला, तर प्रवाह दहा अँपियर आणि घट फक्त शंभर वॅट, म्हणजे एका दिव्याइतकी. खोपोलीहून मुंबईपर्यंत लाख व्होल्टांच्या आसपासचा दाब कां वापरला, तें यावरून ध्यानांत येईल.

मात्र या भागाकारांत एक खोंच आहे. ६० वॅटचा तारेचा दिवा बंद असतांना त्याचा रोध मीं मोजून पाहिला, तो साधारण ६५ ओहम भरला. त्यावरून हिशेब केला तर दिवा साडेतीन अँपियर घेऊन आठशें वॅट खाईल! प्रत्यक्षांत तो पाव अँपियराच्या आसपासच घेतो. तार पेटतांच तिचा रोध नऊशेंच्या घरांत जातो. तेव्हां रोध काढावयाचा तो काम चालूं असतांना, त्या वेळचा दाब व प्रवाह मोजून.

पाण्याला वाट देणाऱ्या जमिनीचेंहि तसेंच आहे, फक्त उलट दिशेनें. फ्रान्सांत दार्सी यानें १८५६ सालीं वाळूंतून झिरपणाऱ्या पाण्याचा जो नियम मांडला, तो ओहमच्या नियमाचा सख्खा भाऊच. परंतु झिरपतां झिरपतां पाणी मातीचे कण वाहून नेऊं लागलें, कीं रोध घटतो, प्रवाह वाढतो आणि आणखी कण निघतात. गंगेवरील नरोरा येथील बंधाऱ्याची फरशी १८९८ सालीं खालच्या पाण्याच्या दाबानें उचलली गेली. पुढें लाहोरच्या संशोधकांनीं बंधाऱ्याखालच्या जमिनीची विजेची प्रतिकृति केली, आणि पाण्याच्या दाबाऐवजीं व्होल्ट मोजून तो दाब कोठें किती असावा हें काढलें. खोसला यांचा १९३६ चा बंधाऱ्यांवरील ग्रंथ याच काळांतला.

खडकवासल्यास ही गोष्ट केवळ पुस्तकी नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं वरच्या अंगाचें पानशेतचें नवें मातीचें धरण पहिल्याच पावसाळ्यांत फुटलें. आदल्या रात्रीं सैनिक वाळूच्या पोत्यांनीं त्याचा खचणारा माथा सांवरीत होते. तें पाणी खडकवासल्याच्या दगडी भिंतीवरून गेलें, तीहि फुटली, आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठा बुडाल्या. तेथील दोष केवळ झिरपण्याचा होता, असें माझें म्हणणें नाहीं; पाण्याचा निचरा करणाऱ्या नळावरची माती बसत गेली होती. पण धरणाच्या पोटांत काय चाललें आहे हें बाहेरून दिसत नाहीं, एवढें त्या रात्रीं सर्वांना कळलें.

आतां मोठ्या धरणांच्या पोटांत दाब मोजणाऱ्या नळ्या पुरलेल्या असतात, आणि झिरपून आलेलें पाणी त्रिकोणी खांचेवरून मोजतात. नोंदवहींत एका रकान्यांत दाब, शेजारच्या रकान्यांत प्रवाह. भागाकार कोणी तरी करावयाचा असतो.