विकर-चाचण्या : स्नायू आणि यकृत

स्नायूंच्या व यकृताच्या पेशींत काम करणारी विकरे (एन्झाइम) रक्तात किती उतरली आहेत हे मोजून त्या अवयवांना इजा झाली आहे का, ते ताडणाऱ्या तपासण्या. निरोगी रक्तातही ही विकरे थोडी असतातच. पेशी दुखावल्या की त्यांचे प्रमाण चढते. रिपोर्टवर ती एसजीओटी (एएसटी), एसजीपीटी (एएलटी), सीपीके (सीके), जीजीटी अशा आद्याक्षरांनी येतात.

मोजले जाते ते विकराचे काम. एसजीपीटीसाठी रक्तद्रवात ॲलनीन आणि अल्फा-कीटोग्लुटारेट घालतात. त्यातून होणाऱ्या पायरुव्हेटचे लॅक्टेट होताना एनएडीएच खर्च पडते आणि द्रावण 340 नॅनोमीटरचा प्रकाश कमीकमी शोषू लागते. ही घट जितकी जलद, तितके विकर जास्त. हृदयविकाराच्या झटक्यानंतर एसजीओटी वाढते हे 1954 मध्ये लाड्यू, रोब्लेव्स्की आणि कार्मेन यांनी दाखवले. 1959 मध्ये जपानच्या सेत्सुरो एबाशी व सहकाऱ्यांनी स्नायुक्षयात सीपीके वाढत असल्याचे नोंदवले.

सर्वांत मोठी गल्लत होते ती एसजीओटी आणि एसजीपीटी केवळ यकृताची मानल्याने. दोन्ही स्नायूंतही असतात. ड्यूशेन स्नायुक्षय झालेल्या लहान मुलाची एसजीपीटी तापासाठी केलेल्या तपासणीत दोन-तीनशे दिसते. मग यकृताची औषधे, सोनोग्राफी, क्वचित बायोप्सीसुद्धा. तोच मुलगा जिना चढताना कठडा धरतो, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत उठतो, त्याच्या पोटऱ्या फुगीर असतात, इकडे कोणाचे लक्ष जात नाही. सीपीके केली तर ती बहुधा दहा हजारांच्या पुढे निघते. जीजीटी स्नायूंत जवळजवळ नसते, म्हणून ती आणि बिलिरुबिन दोन्ही ठीक असतील तर आधी सीपीके करावी. सुईने यकृताचा तुकडा काढण्याची घाई करू नये. निदान लांबले तर आईची वाहक-तपासणीही राहून जाते, आणि पुढचा मुलगा हाच आजार घेऊन जन्मू शकतो.

सीपीके वाढली म्हणजे आजारच, असेही नाही. जोरदार व्यायाम, दंडात किंवा कमरेत घेतलेले इंजेक्शन, स्टॅटिन गोळ्या, मंदावलेली थायरॉइड ग्रंथी यांनीही ती चढते. पाच हजारांच्या वर गेली आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मूत्रपिंडांना धोका असतो; तातडीने रुग्णालय गाठावे.

यकृताच्या बाबतीत आकड्यांचा ढंग बोलका असतो. विषाणूजन्य काविळीत एसजीपीटी हजारांत जाऊ शकते. दारूने बिघडलेल्या यकृतात ती बेताचीच राहते, मात्र एसजीओटी तिच्या दुपटीहून जास्त असते. सिऱ्होसिसमध्ये तर दोन्ही नॉर्मल येऊ शकतात, कारण विकर सोडायला पेशीच फारशा उरलेल्या नसतात. तिथे अल्ब्युमिन व प्रोथ्रोम्बिन टाइम पाहावे लागतात. क्षयाच्या औषधांवर असलेल्या रुग्णाला मळमळ किंवा कावीळ झाली आणि एसजीपीटी कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेली, तर यकृताला बाधणारी औषधे डॉक्टर थांबवतात. लक्षणे नसतील तर ही मर्यादा पाचपट धरतात.