तेनकारा

रीळ न वापरता, लांब काठीच्या टोकाला बांधलेला दोर आणि पिसांची बनावट माशी एवढ्यावर डोंगरी ओढ्यांत मासे पकडण्याची जपानी पद्धत. इवाना, यामामे आणि अमागो हे थंड, खळाळत्या पाण्यातले तेथील मूळचे मासे या पद्धतीने पकडतात. पकडलेले मासे गावच्या खानावळी-सरायांना विकून पोट भरणाऱ्या डोंगरी मच्छीमारांनी ती घडवली, म्हणून तिच्यात फाफटपसारा नाही.

जुनी साधने घरचीच असत. काठी बांबूची, साधारण ३ ते ४ मीटर लांब. दोर घोड्याच्या शेपटीचे केस पिळून केलेला. काठीकडे जाड आणि पुढे एकेक केस कमी करत निमुळता. या निमुळतेपणामुळेच मनगटाचा झटका टोकापर्यंत पोहोचतो आणि जवळजवळ वजन नसलेली माशी नेमक्या जागी पडते.

माशीला केबारी म्हणतात. गळ बोटांच्या चिमटीत धरून त्यावर शिवणाचा दोरा गुंडाळायचा, मग कोंबड्याचे पीस वेढायचे. साकासा केबारीत पिसाचे तंतू उलटे, गळाच्या दोर बांधायच्या टोकाकडे झुकलेले असतात. हलके हिसके देताच ते मिटत-उघडत राहतात आणि किडा जिवंत वाटतो. एखाद्या विशिष्ट कीटकाची हुबेहूब नक्कल करण्याचा आग्रह येथे नसतो, आणि हेच या पद्धतीचे खरे सौंदर्य आहे. दोर शक्यतो पाण्याला टेकू देत नाहीत, नाहीतर प्रवाह माशीला ओढून नेतो.

पुढे बांबूच्या जागी कार्बन तंतूंच्या, एकात एक सरकणाऱ्या काठ्या आल्या. २००९ पासून अमेरिकेतही ही पद्धत रुजली.