४ ऑगस्ट १५७७ : ब्लाइथबराच्या चर्चवर वीज

इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या ब्लाइथबरा गावी रविवारची सकाळची प्रार्थना चालू असताना होली ट्रिनिटी चर्चवर वीज पडली. मनोऱ्याचा कळस छत फोडून आत कोसळला. एक पुरुष आणि एक मुलगा दगावले. त्याच दिवशी बंगी गावच्या चर्चमध्येही असाच अनर्थ झाला. अब्राहम फ्लेमिंगने लगोलग पुस्तिका छापून त्याचे खापर काळ्या कुत्र्याच्या रूपातल्या सैतानावर फोडले. ब्लाइथबराच्या उत्तर दारावरचे जळके डाग आजही त्याच्या पंजाचे म्हणून दाखवतात.

खरे पाहण्याजोगे आहे ते छत. पंधराव्या शतकातल्या या गारगोटीच्या इमारतीत भिंतींच्या वरच्या अंगाला खिडक्यांची सलग ओळ आहे. त्या उजेडात तुळयांवर पंख पसरलेले लाकडी देवदूत दिसतात, मूळच्या रंगाच्या खुणा अंगावर बाळगणारे. १६४४ मध्ये मूर्तिभंजक विल्यम डाउझिंगने ते उतरवण्याचा हुकूम सोडला. लाकडात रुतलेले शिशाचे छर्रेही त्याच्याच माणसांचे, असा समज पिढ्यान्‌पिढ्या होता. प्रत्यक्षात ते अठराव्या शतकातले, छतात शिरलेल्या पक्ष्यांवर झाडलेले निघाले. डाउझिंगने इंग्लंडच्या चर्चकलेची अपरिमित हानी केली, हे खरे. पण हे छर्रे त्याच्या खाती नाहीत.