शुश्रूषेचा हिशेब

शाळेंतील वाचनपुस्तकांनीं ज्यांचीं चरित्रें आम्हां सर्वांच्या मनावर लहानपणींच ठसविलीं, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल या आंग्ल स्त्रीचें चरित्र अग्रभागीं आहे. युद्धकाळचें इस्पितळ, रात्रीचा प्रहर, आणि हातांत दिवा घेऊन जखमी शिपायांच्या रांगांमधून फिरणारी एक करुणामूर्ति, हें चित्र इतकें मनोहर आहे कीं, त्यापलीकडे कांहीं विचारावें असें सहसा कोणास वाटत नाहीं. आम्हांसहि पुष्कळ वर्षें वाटलें नाहीं. परंतु या चित्राला एक तारीख आहे, आणि ती ध्यानांत घेतली म्हणजे चित्राचा अर्थच पालटतो. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकानें तें २४ फेब्रुवारी १८५५ रोजीं छापलें. त्याच फेब्रुवारींत त्याच इस्पितळांतील मृत्यूंचें प्रमाण सबंध युद्धांतील पराकोटीस पोंचलें होतें. दिवा फिरत होता, आणि त्याच्या उजेडांत माणसें मरत होतीं. या विरोधाचा उलगडा पुढें स्वतः नाइटिंगेलबाईंनींच केला. तो कसा केला, आणि त्यांतून आपण काय घ्यावें, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगणें अवश्य आहे. बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं एका संपन्न इंग्रज कुटुंबांत झाला. शहराचेंच नांव मुलीस मिळालें. ग्रीक, लॅटिन, इतिहास हे विषय वडिलांनीं स्वतः शिकविले; गणिताची गोडी तिची स्वतःची. अशा घरची मुलगी इस्पितळांत शुश्रूषेचें काम पत्करूं म्हणते, हें ऐकून घरांत वर्षानुवर्षें रुसवे आणि अश्रु चालले, यांत नवल नाहीं. त्या काळीं इंग्लंडांत हें काम मोलकरणीच्या दर्जाचें समजलें जाई. डिकन्सनें ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरींत रंगविलेली सेरी गँप ही दारूबाज सुईण-परिचारिका वाचकांस ओळखीची वाटली, यावरूनच लोकमताची कल्पना येते. बाईंनीं तरीहि हट्ट सोडला नाहीं. १८५१ सालीं जर्मनींत ऱ्हाइनकांठच्या कैसर्सवर्थ येथील धार्मिक संस्थेंत त्यांनीं कांहीं महिने शिक्षण घेतलें, आणि १८५३ सालीं लंडनमधील एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था हातीं घेतली.

पुढच्याच वर्षीं इंग्लंड व फ्रान्स तुर्कांच्या बाजूनें रशियाविरुद्ध युद्धांत उतरले. जखमी व आजारी शिपाई काळ्या समुद्रावरून जहाजांनीं कॉन्स्टँटिनोपलसमोरच्या स्कुटारी गांवीं आणले जात. तेथील हालांच्या हकीकती ‘टाइम्स’ पत्रांत येऊं लागल्यावर लोक खवळले, आणि युद्धखात्याचे मंत्री सिडने हर्बर्ट यांनीं नाइटिंगेलबाईंस ३८ स्त्रिया बरोबर देऊन रवाना केलें. ४ नोव्हेंबर १८५४ रोजीं त्या स्कुटारीस उतरल्या. तेथें एका प्रचंड तुर्की बराकीचें इस्पितळ बनविलेलें होतें. कपडे नाहींत, भांडीं नाहींत, धुण्याची सोय नाहीं, आणि लष्करी कागदपत्रांची साखळी मात्र अखंड ! बाईंनीं स्वयंपाकघर उभें केलें, धोबीखाना चालू केला, वर्गणीच्या पैशांतून सदरे व चादरी आणविल्या, मरणाऱ्यांचीं पत्रें त्यांच्या आयांस लिहिलीं. एका माणसास जें जें करतां येणें शक्य, तें तें त्यांनीं केलें.

आणि मृत्यु वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्यें दाखल रुग्णांपैकीं शेंकडा सुमारें ४२ दगावले, असें पुढें त्यांच्याच अहवालावरून दिसून आलें. त्यांतील फारच थोडे जखमांनीं मेले. बहुतेक हगवण, विषमज्वर, पटकी अशा रोगांचे बळी होते. मार्च महिन्यांत इंग्लंडाहून एक आरोग्यमंडळ आलें. त्यांत डॉक्टर सदर्लंड व स्थापत्यविशारद रॉलिन्सन हे प्रमुख होते. त्यांनीं पाहिलें तों बराकीखालीं मैल्यानें तुडुंब भरलेलीं गटारें, आणि त्यांची दूषित हवा दालनांत येत असलेली. मंडळानें गटारें धुऊन काढविलीं, शेंकडों गाड्या घाण बाहेर नेवविली, भिंतींस चुना दिला, हवेसाठीं वाटा पाडल्या, पाण्याची सोय सुधारली. जूनपर्यंत मृत्यूंचें प्रमाण शेंकडा २ वर आलें. हवामान निवळलें, रुग्णांची गर्दीहि ओसरली, हें खरें. परंतु एवढी घट तेवढ्यानेंच झाली असें म्हणतां येत नाहीं.

१८५६ च्या ऑगस्टांत नाइटिंगेलबाई स्वदेशीं परतल्या, त्या राष्ट्राच्या दैवत होऊन. दुसरी कोणी असती तर त्या पूजेंत सुखानें राहिली असती. बाईंनीं मात्र हिशेबाच्या वह्या उघडल्या. जन्ममृत्यूंच्या नोंदणीखात्यांतील संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साह्यानें त्यांनीं युद्धांतील मृत्यूंची महिनेवार छाननी केली. युद्धकाळीं त्यांची समजूत अशी होती कीं, शिपाई उपासमारीनें, थंडीनें व अतिश्रमानें आधींच खंगलेले येत, म्हणून मरत. आंकडे निराळेंच सांगूं लागले. सुमारें २१,००० ब्रिटिश सैनिक या युद्धांत गेले. त्यांतील १६,००० हून अधिक केवळ रोगांनीं. आणि ज्या इस्पितळांत त्या स्वतः रात्रंदिवस राबल्या, त्याच इस्पितळाची घाण या संहाराचें एक मोठें कारण होती. १८५७ च्या ऑगस्टांत त्यांची प्रकृति एकाएकीं ढासळली, आणि पुढील अनेक वर्षें त्यांनीं बव्हंशीं अंथरुणावरूनच काम केलें. हा आघात या कटु ज्ञानाचा परिणाम होता, असें ह्यू स्मॉल या चरित्रकारानें १९९८ सालीं प्रतिपादिलें. इतर अभ्यासकांस हें मान्य नाहीं, ते क्रिमियांत जडलेल्या तापाकडे बोट दाखवितात. वाद कसाहि सुटो, बाईंनीं निष्कर्ष दडविला नाहीं, एवढें निर्विवाद आहे. १८५८ सालीं त्यांनीं तो शेंकडों पानांच्या अहवालांत मांडला, आणि आंकडे वाचण्याचा कंटाळा करणाऱ्या मंत्र्यांसाठीं पाकळ्यांच्या आकाराची रंगीत आकृति काढली : टाळतां येण्याजोग्या रोगांचे मृत्यु निळ्या रंगांत, जखमांचे तांबड्या, इतर काळ्या. निळ्या पाकळ्यांपुढें तांबड्या अगदींच लहान दिसतात. त्याच वर्षीं लंडनच्या संख्याशास्त्रमंडळानें त्यांस सभासद करून घेतलें; हा मान मिळालेली ती पहिलीच स्त्री.

आपल्या हातून झालेल्या सेवेचा असा निष्ठुर हिशेब मांडणें किती कठीण आहे, हें ज्यानें आपल्या घरच्या आजाऱ्याची सेवा केली आहे त्यास सांगावयास नको. रात्रंदिवस खपलेल्या माणसास ‘तुझें चुकलें’ असें कोणी म्हणूं लागला तर तो क्षुब्ध होतो; मग तेंच स्वतः स्वतःस म्हणणें तर दूरच. हल्लीं ज्यास शुश्रूषाविषयक संशोधन म्हणतात, त्याचें बीज आम्हांस या एका कृतींत दिसतें. दया ही हेतूची साक्ष देते. परिणामाची साक्ष देण्यास मोजमाप लागतें.

१८५९ च्या अखेरीस बाईंचें शुश्रूषेवरील छोटें पुस्तक निघालें. तें घरोघरच्या स्त्रियांसाठीं लिहिलेलें आहे, आणि त्यांतील निरीक्षण आजहि चकित करतें. खोलींत उजेड व मोकळी हवा हवी, एवढेंच सांगून त्या थांबत नाहींत. दाराशीं चाललेली कुजबूज आजाऱ्यास उघड बोलण्यापेक्षां अधिक छळते. झोंप लागतांच जागें केलेला रुग्ण पुन्हां झोंपत नाहीं. भेटीस येणारे आप्त ‘कांहीं नाहीं, लवकरच बरे व्हाल’ असा जो पोकळ धीर देतात, त्यानें रुग्ण अधिक एकाकी होतो. तेंच तें छत पाहून त्याचें मन शिणतें, तेव्हां त्यास खिडकींतून बाहेरचें दिसूं द्यावें. हें सारें कोणी बाईमाणसाचें हळवें बोलणें म्हणून हंसण्यावारी नेलें असतें. परंतु १९८४ सालीं रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकानें पेनसिल्व्हेनियांतील एका इस्पितळाच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यानें लावल्या; जोडींतील एकाच्या खिडकींतून झाडें दिसत, दुसऱ्याच्या खिडकींतून विटांची भिंत. झाडें दिसणारे लवकर घरीं गेले, आणि त्यांस वेदनाशामक तीव्र औषधेंहि कमी लागलीं. खाटेवरच्या माणसाचें सुख हा औषधोपचाराचाच भाग आहे, असें त्यावरून म्हणतां येतें.

१८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळांत, जनतेनें कृतज्ञतेनें जमविलेल्या सुमारें ४५,००० पौंडांच्या निधींतून, नाइटिंगेल शिक्षणशाळा निघाली, आणि शुश्रूषा हा स्वाभिमानानें पत्करण्याचा व्यवसाय झाला. त्यांचे दोषहि सांगितले पाहिजेत. परिचारिकांची परीक्षा घेऊन सरकारदफ्तरीं नोंदणी करावी, या चळवळीस त्यांनीं विरोध केला; शील परीक्षेनें मोजतां येत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. जन्मभर मोजमापाचा पुरस्कार करणाऱ्या बाईंनीं येथें मात्र मोजमापास नकार द्यावा, हें विचित्र खरें. इंग्लंडांत नोंदणीचा कायदा झाला तो १९१९ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनीं.

हिंदुस्थान बाईंनीं कधीं पाहिला नाहीं. पण या देशाचा विचार त्यांनीं जवळजवळ चाळीस वर्षें केला. १८५९ सालीं येथील गोऱ्या फौजेच्या आरोग्याच्या चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळाचा अहवाल १८६३ सालीं निघाला. फौजेंतील वार्षिक मृत्युसंख्या दर हजारीं ६९ होती, हें त्यानें उघड केलें. दहा वर्षांनीं ती १८ वर आल्याचें बाईंनीं समाधानानें लिहिलें. पण फौज सुधारली तरी खेडें तसेंच राहिलें, हें त्यांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. पुढें त्या दुष्काळ, पाटबंधारे व ग्रामसफाई यांकडे वळल्या, आणि १८७० सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशींहि त्यांचा पत्रव्यवहार झाला.

त्याच पुण्यांत १८९७ सालीं स्कुटारीचा धडा उलट्या बाजूनें शिकावा लागला. गांठीच्या तापाची सांथ आली. सरकारपाशीं पद्धति होती : घरझडत्या, विलगीकरण, जंतुनाशकें. परंतु ती अंमलांत आणण्यास रँडसाहेबानें गोरे शिपाई लावले. ते देवघरांत व माजघरांत शिरूं लागले. परिणाम असा झाला कीं, लोक आजारी माणसें लपवूं लागले, आणि जी नोंद हाच उपायाचा पाया, तीच खोटी ठरूं लागली. रँडचा वध झाला, आणि त्याचें पर्यवसान सर्वांस विदित आहे. स्कुटारींत दया होती, चौकशी नव्हती. पुण्यांत चौकशी होती, दया नव्हती. दोन्हीकडे माणसें मेलीं. याच सांथींत सावित्रीबाई फुले यांनीं आपले डॉक्टर पुत्र यशवंतराव यांच्यासह पुण्याबाहेर रुग्णांची सोय केली, एका आजारी मुलास पाठीवर घेऊन दवाखान्यांत पोंचविलें, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं देह ठेविला. त्यांच्या दारीं रुग्णांस लपावें लागलें नाहीं.

सार्वजनिक सभेचे धुरीण न्यायमूर्ति रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांनीं १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन काढलें, आणि तेथील स्त्रियांस परिचारिकेच्या शिक्षणासाठीं ससून रुग्णालयांत पाठविण्यास सुरुवात केली. पांढरपेशा घरच्या विधवेनें परक्या माणसाचें अंग पुसावें, कोणत्याहि जातीच्या रुग्णाचें भांडें उचलावें, ही कल्पनाहि त्या वेळीं अनेकांस असह्य होती. सेरी गँपच्या काळचा इंग्रजी समाज आणि सोंवळ्याओंवळ्याचा आमचा समाज, दोघांनींहि रुग्णसेवेस हलकें ठरविलें, आणि दोघांनाहि आजारपणीं तीच हवी होती.

तो हलकेपणा आतां पुरता गेला काय ? आम्हांस शंका आहे. परिचारिकेस ‘सिस्टर’ म्हणून हांक मारण्याची रीति आम्ही उचलली. पण तिच्या वाट्यास किती खाटा आहेत, हें विचारण्याची उचलली नाहीं. २००२ सालीं लिंडा एकेन व त्यांचे सहकारी यांनीं पेनसिल्व्हेनियांतील १६८ इस्पितळांच्या नोंदींवरून असें दाखविलें कीं, प्रत्येक परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला, तर शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीस दिवसांच्या आंत दगावण्याचा संभव शेंकडा ७ नीं वाढतो, आणि परिचारिकेचा थकवा व असमाधान हींहि वाढतात. रुग्णाचें हित व परिचारिकेचें हित हीं दोन नाहींत, हें यांतून सिद्ध होतें. थकलेल्या हातांतला दिवा कितीहि प्रेमानें धरलेला असो, त्याचा उजेड सर्व खाटांपर्यंत पोंचत नाहीं.

आपलें माणूस इस्पितळांत ठेवतांना आपण डॉक्टरांची ख्याति विचारतों, खोलीचें भाडें विचारतों, यंत्रें कोणतीं आहेत हेंहि विचारतों. यापुढें आणखी एक प्रश्न विचारावा : रात्रीं या दालनांत परिचारिका किती असतात, आणि रुग्ण किती ? प्रश्न हिशेबाचा आहे खरा; पण नाइटिंगेलबाईंनीं आपल्याच इस्पितळास विचारला तोहि हिशेबाचाच होता, आणि त्याच्या उत्तरानें पुढें असंख्य माणसें वांचलीं.